५६ किलोडाल्टनला बँड आला, पण तो कोणाचा?

उन्हात त्वचेत तयार झालेलं किंवा गोळीतून पोटात गेलेलं ड जीवनसत्त्व आहे त्या रूपात फारसं काही करत नाही. आधी यकृतात त्याच्या २५ क्रमांकाच्या कार्बनवर एक हायड्रॉक्सिल गट बसतो. हे काम मुख्यतः सीवायपी२आर१ हे एन्झाइम करतं. मग किडनीत १ क्रमांकाच्या कार्बनवर दुसरा गट बसतो आणि कॅल्सिट्रायॉल तयार होतं. हा दुसरा गट बसवणारं एन्झाइम म्हणजे सीवायपी२७बी१, जुन्या नावाने वन-अल्फा-हायड्रॉक्सिलेज. त्याचं जनुक बिघडलं की ड जीवनसत्त्वाच्या नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारा मुडदूस होतो. अशा मुलांना अल्फाकॅल्सिडॉल किंवा कॅल्सिट्रायॉल द्यावं लागतं, कारण त्यांत १ क्रमांकाचं काम आधीच झालेलं असतं.

हे प्रथिन पेशीत किंवा ऊतीत आहे का, किती आहे, नेमकं कुठे आहे, हे पाहायला अँटिबॉडी (त्या प्रथिनाला नेमकं चिकटणारं प्रथिन) लागते. बाजारात तिची कमतरता नाही. सशातली पॉलिक्लोनल (अनेक अँटिबॉडींचं मिश्रण), उंदरातली मोनोक्लोनल (एकाच प्रकारची), मेंढीतली, रीकॉम्बिनंट, सगळ्या मिळतात. प्रत्येकीच्या माहितीपत्रकावर ५६ किलोडाल्टनच्या आसपास एक सुबक बँड छापलेला असतो. तो बँड, म्हणजे त्या वजनाच्या प्रथिनाची पट्टी, आपल्या वेस्टर्न ब्लॉटवर (जेलवर वजनानुसार वेगळी केलेली प्रथिनं मेम्ब्रेनवर उतरवून अँटिबॉडीने ओळखणं) आला की बहुतेक जण पुढच्या प्रयोगाला लागतात. माझ्या मते खरं काम तिथून सुरू होतं. हे प्रथिन प्रमाणाने कमी आणि राहायला मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पटलाला चिकटून. शिवाय त्याचं वजन अशा पट्ट्यात आहे जिथे भलत्याच प्रथिनांची दाटी असते.

आधी ओळख नीट करून घेऊ. मानवी सीवायपी२७बी१ ५०८ अमिनो आम्लांचं आहे (युनिप्रॉटवर ओ१५५२८), गणिती वजन ५६ ते ५७ किलोडाल्टन. एन-टोकाला मायटोकॉन्ड्रियात नेणारी संकेतसाखळी असते. आत पोचल्यावर ती कापली जाते, त्यामुळे पक्व प्रथिन गणितापेक्षा थोडं हलकं असतं. जेलवर ५३ ते ५६ च्या दरम्यान बँड दिसला तर दचकू नये. ७० किंवा ४० ला दिसला तर मात्र 'ग्लायकोसिलेशन असेल' किंवा 'तुटलं असेल' असं म्हणून पुढे जाऊ नये. ती दोन्ही कारणं पुराव्याने दाखवावी लागतात.

आता ५० ते ६० च्या पट्ट्यातली गर्दी. सगळ्यात मोठा चोर म्हणजे आयजीजीची (रक्तातल्या मुख्य अँटिबॉडीची) हेवी चेन, ५० ते ५५ किलोडाल्टन. उंदराच्या किडनीच्या लायसेटवर (फोडलेल्या ऊतीच्या अर्कावर) प्रायमरी, म्हणजे प्रथिनाला धरणारी पहिली अँटिबॉडी, म्हणून उंदरातली मोनोक्लोनल लावली आणि तिला धरणारी अँटी-माउस सेकंडरी वापरली, तर ती सेकंडरी ऊतीतल्या रक्तातल्या आयजीजीला धरते आणि बरोबर हव्या त्या ठिकाणी ठसठशीत बँड देते. हा बँड प्रायमरी न लावताही येतो, म्हणून फक्त सेकंडरी लावलेली एक पट्टी दर नव्या संचासोबत चालवायचीच. शक्य असेल तर किडनी काढण्याआधी प्राण्याच्या रक्तवाहिन्यांतून थंड पीबीएस (खारट बफर) सोडून परफ्यूज करावं, म्हणजे किडनी फिकट होते आणि रक्तातला आयजीजी बराचसा धुऊन जातो. उंदराच्या ऊतीसाठी सशातली अँटिबॉडी घेणं हा याहून सोपा उपाय. रक्तातलंच दुसरं प्रथिन म्हणजे ड जीवनसत्त्व वाहून नेणारं डीबीपी. तेही याच वजनगटातलं आहे.

मग भाऊबंद. सीवायपी२७ए१ आणि सीवायपी२४ए१ दोन्ही मायटोकॉन्ड्रियातली पी४५० एन्झाइमं (हीम असलेलं मोठं घराणं, 'सीवायपी' हे त्याचंच नाव) आहेत आणि दोघांचंही वजन याच पट्ट्यात पडतं. पी४५०च्या नामकरणात साधारण ४० टक्क्यांहून जास्त साम्य असलं की एकाच कुळात टाकतात. २७ए१ आणि २७बी१ एका कुळातली आहेत, म्हणजे साम्य काही कमी नाही. त्यातही हीम धरून ठेवणारा, सी-टोकाकडचा भाग सगळ्या पी४५०मध्ये जास्त जपलेला असतो. अँटिबॉडी नेमक्या त्या तुकड्याविरुद्ध तयार केलेली असेल तर ती नातेवाइकांनाही ओळखण्याचा धोका वाढतो. २४ए१शी गल्लत झाली तर निष्कर्ष पार उलटा लागतो. २७बी१ कॅल्सिट्रायॉल घडवतं, २४ए१ ते मोडतं, आणि कॅल्सिट्रायॉल दिलं की किडनीत पहिलं घटून दुसरं भरमसाट वाढतं.

म्हणून विकत घेताना माहितीपत्रकातलं पहिलं चित्र न पाहता इम्युनोजेनची, म्हणजे ज्या तुकड्याविरुद्ध अँटिबॉडी तयार केली त्याची, ओळ वाचावी. कोणत्या क्रमांकापासून कोणत्या क्रमांकापर्यंतचा तुकडा, कोणत्या प्राण्याच्या प्रथिनाचा, पेप्टाइड की रीकॉम्बिनंट प्रथिन. तो क्रम २७ए१, २४ए१ आणि आपल्या प्राण्याच्या २७बी१शी जुळवून पाहायला दहा मिनिटं लागतात. क्रम 'गोपनीय' असेल तर कंपनीला पत्र लिहून निदान एन-टोक की सी-टोक एवढं तरी विचारावं. इम्युनोजेन पहिल्या ३० अमिनो आम्लांतला असेल तर ती अँटिबॉडी सोडून द्यावी, कारण तो भाग पक्व प्रथिनात उरतच नाही. 'माणूस, उंदीर, रॅट' अशी तिन्ही नावं छापलेली असली तरी चाचणी कशावर झाली आणि अंदाज कशाचा आहे हे वेगवेगळं पाहावं.

कंट्रोल हा या विषयातला सगळ्यात रसाळ भाग, त्यामुळे इथे जरा रेंगाळतो.

या जनुकाचा शोध १९९७चा. त्या वर्षी अनेक गटांनी ते वेगवेगळ्या वाटांनी वेगळं केलं. त्यातल्या जपानी गटाची युक्ती अँटिबॉडी तपासणाऱ्याला आजही उपयोगी आहे. त्यांनी ड जीवनसत्त्वाचा रिसेप्टर नसलेल्या उंदरांची किडनी घेतली. रिसेप्टरच नाही, त्यामुळे कॅल्सिट्रायॉलचा लगाम लागत नाही, वर कॅल्शियम कमी आणि पीटीएच (पॅराथायरॉइड हार्मोन) चढलेलं, म्हणून २७बी१ प्रचंड वाढलेलं. असा उंदीर मिळाला तर त्याच्यासारखा पॉझिटिव्ह कंट्रोल नाही. नाही मिळाला तर साध्या उंदराला काही आठवडे कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व कमी असलेला आहार दिला तरी किडनीतलं २७बी१ चढतं. उलट कॅल्सिट्रायॉल किंवा एफजीएफ२३ (हाडांतून येणारं हार्मोन) दिलं की उतरतं. एकाच ब्लॉटवर चढलेलं, नेहमीचं आणि उतरलेलं असे तीन नमुने शेजारी ठेवावेत. ५५चा बँड त्या क्रमाने हलत नसेल तर तो २७बी१चा असण्याची शक्यता कमी. शंभर पानी माहितीपत्रकापेक्षा या तीन लेन जास्त सांगून जातात. प्राण्यांवरच्या कामाला अर्थातच संस्थेच्या नीतिसमितीची मंजुरी आधी हवी.

निगेटिव्ह कंट्रोल म्हणून नॉकआउट उंदराची (हे जनुक निकामी केलेल्या उंदराची) किडनी सर्वोत्तम. २००१ मध्ये दोन गटांनी असे उंदीर तयार केले. इथे एक खाचखळगा आहे. त्यातल्या एका प्रकारात हीम-बंधनाचा भाग असलेला आठवा एक्झॉन (जनुकाचा प्रथिन घडवणारा तुकडा) काढला आहे. जनुकाला एकूण नऊ एक्झॉन, म्हणजे त्याच्या आधीचा मोठा भाग शाबूत. एन-टोकाची किंवा मधल्या भागाची अँटिबॉडी अशा उंदरात तोकडं, निकामी प्रथिन दाखवू शकते. एन्झाइम नाही म्हणजे अँटिजेन नाही असं गृहीत धरू नये. कोणता एक्झॉन काढलाय आणि आपली अँटिबॉडी कुठे बसते हे कागदावर शेजारी शेजारी मांडून पाहावं.

पेशींवर काम करणाऱ्यांसाठी केरॅटिनोसाइट चांगले. त्वचेच्या पेशींत हे एन्झाइम किडनीबाहेरच्या इतर बऱ्याच ठिकाणांपेक्षा भरवशाने सापडतं. हाकॅट पेशी (प्रयोगशाळेत वाढवले जाणारे मानवी केरॅटिनोसाइट) सहज मिळतात, पण क्रिस्परने (जनुक कापण्याच्या तंत्राने) नॉकआउट करताना लक्षात ठेवा की त्यांत गुणसूत्रांचे संच दोनाहून जास्त आहेत. एखादी प्रत न कापता राहिली तर बँड फिकट होईल, जाणार नाही, आणि दोष अँटिबॉडीवर येईल. एसआयआरएनए (जनुकाचा आरएनए मोडवणारे लहान तुकडे) वापरत असाल तर ४८ तासांनी क्यूपीसीआरवर (आरएनए मोजण्याच्या पद्धतीने) आरएनए ७० टक्क्यांहून अधिक उतरलाय याची खात्री करा आणि प्रथिन ७२ तासांनी पाहा. आधीच तयार असलेलं प्रथिन झिजायला वेळ लागतो.

एचईके२९३ या प्रयोगशाळेतल्या मानवी पेशींमध्ये सीवायपी२७बी१चा प्लाझ्मिड (जनुक वाहणारं डीएनएचं कडं) घालून केलेला लायसेट हा पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून ठीक आहे. टॅग लावायचा तर सी-टोकाला, कारण एन-टोकाला लावला तर मायटोकॉन्ड्रियाची संकेतसाखळी झाकली जाते आणि वाचलाच तर कापला जातो. पण हा लायसेट पुरावा म्हणून अपुरा आहे. त्यात प्रथिन इतकं ओतलेलं असतं की जेमतेम चिकटणारी अँटिबॉडीही त्यावर झळकते. 'ही अँटिबॉडी २७बी१ला धरू शकते' एवढंच त्यातून कळतं. 'माझ्या ऊतीत ती फक्त २७बी१लाच धरते' हे त्यातून कळत नाही. ब्लॉकिंग पेप्टाइडचंही तेच. पेप्टाइड मिसळल्यावर बँड गेला म्हणजे अँटिबॉडीचं चिकटण्याचं टोक पेप्टाइडने अडवलं. मग ती ज्याला ज्याला चिकटत होती ते सगळे बँड जातात, खरे आणि खोटे. नुसत्या पेप्टाइडवर विसंबून छापलेले निकाल पाहिले की वाईट वाटतं.

आता वेस्टर्नची कृती. ऊतीचा सरसकट लायसेट घेतला तर हे प्रथिन बाकीच्या गर्दीत हरवतं. मायटोकॉन्ड्रियाचा अंश वेगळा करण्यात अर्धा दिवस जातो, पण पुढचा आठवडा वाचतो. उंदराच्या दोन्ही किडन्यांचा बाहेरचा भाग, म्हणजे कॉर्टेक्स, ब्लेडने वेगळा करा. बफर असा: २५० मिलिमोलर सुक्रोज (लिटरला ८५.६ ग्रॅम), १० मिलिमोलर ट्रिस पीएच ७.४, १ मिलिमोलर ईडीटीए, आणि ऐन वेळी घातलेले प्रोटिएज इन्हिबिटर. पीएमएसएफ पाण्यात पटकन निकामी होतं, म्हणून ते बफरच्या बाटलीत घालून ठेवू नका. १०० मिलिग्रॅम ऊतीला १ मिलिलिटर बफर, बर्फात ठेवलेल्या पॉटर होमोजिनायझरमध्ये १० ते १२ फटके. फेस आला की फटके जोरात बसताहेत असं समजावं. मग ४ अंशांवर ८०० जीला १० मिनिटं फिरवून केंद्रकं आणि न फुटलेल्या पेशी तळाला बसवा. वरचं द्रव १०,००० जीला १५ मिनिटं. तळाला बसलेला तपकिरी थर म्हणजे मायटोकॉन्ड्रिया. त्याच्या कडेला पांढुरका, सैल थर दिसला तर तो पिपेटने हळूच काढून टाका. थर एकदा त्याच बफरमध्ये धुऊन पुन्हा फिरवा आणि रिपा या डिटर्जंट असलेल्या बफरमध्ये अर्धा तास बर्फावर विरघळवा.

प्रथिनाचं मोजमाप बीसीए या रंगचाचणीने. लेनला २० ते ३० मायक्रोग्रॅम पुरतात. सरसकट लायसेट असेल तर ४० ते ५०.

नमुना ९५ अंशांवर उकळण्याची सगळ्यांना सवय असते. पटलाला चिकटणारी प्रथिनं उकळल्यावर कधी कधी गोळा होतात आणि जेलच्या तोंडाशीच अडकून राहतात. तेव्हा पहिल्या वेळी एकच नमुना तीन प्रकारे करून पाहा: ३७ अंशांवर ३० मिनिटं, ७० अंशांवर १० मिनिटं, ९५ अंशांवर ५ मिनिटं. १००च्या वरचा धूसर पट्टा उकळलेल्या लेनमध्येच असेल तर तो गोळा झालेल्या प्रथिनाचा. बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल ताजं असू द्या. क्षपण अपुरं पडलं की आयजीजीचे तुकडे नको त्या वजनांवर दिसू लागतात.

१० टक्के जेल, आणि ५०-६०चा भाग मोकळा हवा असेल तर निळी रेघ बाहेर जाईपर्यंत चालवा. ०.४५ मायक्रॉनची पीव्हीडीएफ मेम्ब्रेन मेथेनॉलमध्ये ३० सेकंद भिजवून, ओल्या पद्धतीने १०० व्होल्टला ६० ते ७५ मिनिटं, टाकी बर्फात. पाँसो (सगळ्या प्रथिनांना लागणारा लाल रंग) लावून लेन सारख्या आहेत ना ते पाहा आणि त्याचा फोटो काढून ठेवा. ५ टक्के दूध टीबीएसटीमध्ये (०.१ टक्के ट्वीन-२०) एक तास. प्रायमरी ४ अंशांवर रात्रभर. १० मिनिटांचे तीन धुणे. एचआरपी सेकंडरी १:५००० ते १:१०,०००, एक तास. पुन्हा तीन धुणे, मग ईसीएल (एचआरपी या एन्झाइममुळे प्रकाश देणारं द्रावण). ५ सेकंद, ३० सेकंद आणि २ मिनिटं असे तिन्ही एक्स्पोजर ठेवा. ५ सेकंदांत काहीच नाही आणि २ मिनिटांत सगळंच काळं, अशी स्थिती असेल तर अँटिबॉडी नव्हे, डायल्यूशन बदलायचं आहे.

मेंढीतली किंवा शेळीतली प्रायमरी असेल तर दूध टाळा. दुधात गायीचा आयजीजी असतो आणि मेंढी-शेळीविरोधी सेकंडरी त्यालाही चिकटते, मग सगळा ब्लॉट काळवंडतो. कमी शुद्ध बीएसएतही हाच त्रास होतो. अशा वेळी माशाच्या जिलेटिनचं ब्लॉकिंग बरं.

डायल्यूशनचा आकडा दुसऱ्याच्या लेखातून उचलू नये. १:१००० म्हणजे काय ते मूळ तीव्रतेवर अवलंबून असतं. १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरच्या व्हायलमधून ते १ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर होतं, ०.२च्या व्हायलमधून त्याच्या पाचव्या हिश्शाएवढंच. वहीत नेहमी मायक्रोग्रॅम लिहावेत. सुरुवातीला १०, २० आणि ४० मायक्रोग्रॅम लायसेट आणि अँटिबॉडीचे ०.२५, ०.५, १, २ मायक्रोग्रॅम अशी जाळी एकदाच मांडा. लायसेट दुप्पट केल्यावर बँडही जवळपास दुप्पट होतोय अशा जागीच मोजमाप करावं. १० मिलिलिटर द्रावणाला १ मायक्रोग्रॅमच्या हिशेबाने १० मायक्रोलिटर लागतात, म्हणजे १०० मायक्रोलिटरची महागडी व्हायल दहा ब्लॉटमध्ये संपते. छोट्या पिशवीत सील करून ३ मिलिलिटरमध्ये भागवलं तर तीच तीसहून जास्त ब्लॉटना पुरते.

लोडिंग कंट्रोल म्हणून बीटा-ॲक्टिन इथे कामाचं नाही. मायटोकॉन्ड्रियाच्या अंशात ते असतं ते अशुद्धी म्हणून. व्हीडॅक१ (३० च्या थोडं वर) किंवा कॉक्स-४ (१७) घ्या. सरसकट लायसेटमध्येही किडनी आजारी असेल तर मायटोकॉन्ड्रियाच कमी झालेल्या असू शकतात. मग २७बी१ घटलं की मायटोकॉन्ड्रिया घटल्या, हे ॲक्टिनशी भागाकार करून कळत नाही. आणि तपासणीच्या टप्प्यावर मेम्ब्रेन कापून दोन अँटिबॉडी लावण्याची काटकसर करू नका. नको असलेले बँड कापलेल्या भागातच राहतात आणि दिसेनासे होतात.

स्लाइडवर ऊतीचे काप अँटिबॉडीने रंगवण्याचं काम याहून अवघड, कारण तिथे वजनाचा आधारही नसतो.

या एन्झाइमची ओळख किडनीची म्हणून झाली. ते किडनीत काम करतं हे १९७०मध्ये केंब्रिजमधून फ्रेझर आणि कोडिचेक यांनी दाखवलं. १९८१मध्ये रॅटच्या नेफ्रॉनचे सुटे तुकडे करून मोजलं तेव्हा क्रिया प्रॉक्सिमल नलिकेत सापडली. पुढे अँटिबॉडी आल्या. १९९९ आणि २००१मध्ये बर्मिंगहॅमच्या गटाने मेंढीतली अँटिबॉडी वापरून मानवी किडनीत डिस्टल भागापर्यंत, आणि किडनीबाहेर त्वचा, लसीकाग्रंथी, आतडं, स्वादुपिंड अशा अनेक ठिकाणी रंग दाखवला. त्यानंतर किडनीबाहेरच्या कॅल्सिट्रायॉलवर लेखांची रीघ लागली. त्यातलं काही भक्कम आहे. सार्कॉइडोसिसमध्ये (अवयवांत गाठी येणाऱ्या आजारात) मॅक्रोफेज कॅल्सिट्रायॉल बनवतात याला अँटिबॉडीची गरजच नाही. १९८१मध्ये दोन्ही किडन्या नसलेल्या रुग्णात ते वाढलेलं मोजलं गेलं होतं. क्षयाच्या गाठींतही तसंच घडतं, आणि २००६मध्ये क्षयाच्या जंतूंच्या प्रथिनांमुळे मॅक्रोफेजमध्ये टोल रिसेप्टरमार्फत २७बी१ चढतं आणि पुढे कॅथेलिसिडिन हे जंतू मारणारं प्रथिन तयार होतं हे दिसलं. पण 'अमुक ऊतीत २७बी१ सापडलं' अशी जी विधानं फक्त तपकिरी रंगावर उभी आहेत आणि जिथे आरएनए जेमतेम आहे, तिथे मी अँटिबॉडीकडेच आधी संशयाने पाहीन.

पॅराफिनच्या सेक्शनसाठी: १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिन, २४ तास, त्याहून जास्त नको. ४ मायक्रॉनचे सेक्शन. झायलीन, उतरत्या क्रमाने अल्कोहोल, पाणी. अँटिजेन उघडायला दोन बफर शेजारी शेजारी चालवून पाहा. एक, सायट्रेट पीएच ६.०: ट्रायसोडियम सायट्रेट डायहायड्रेट लिटरला २.९४ ग्रॅम, ०.०५ टक्के ट्वीन. दुसरा, ट्रिस-ईडीटीए पीएच ९.०: ट्रिस १.२१ ग्रॅम आणि ईडीटीए ०.३७ ग्रॅम लिटरला. ९५ ते ९८ अंशांवर २० मिनिटं, मग त्याच भांड्यात २० ते ३० मिनिटं निवू द्या. गरम स्लाइड थेट नळाखाली धरली की सेक्शन सुटतो. ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड १० मिनिटं, कारण किडनीत स्वतःचं पेरॉक्सिडेज भरपूर. ज्या प्राण्यातली सेकंडरी त्याच प्राण्याचं सीरम ५ ते १० टक्के, अर्धा तास. प्रायमरी रात्रभर. डीएबी (तपकिरी रंग देणारं रसायन) घड्याळ लावून, सगळ्या स्लाइडना सारखंच.

किडनी, यकृत यांसारख्या मायटोकॉन्ड्रियांनी भरलेल्या ऊतींत बायोटिन मुबलक असतं, आणि उष्णतेने अँटिजेन उघडताना तेही उघडतं. बायोटिन-स्ट्रेप्टाविडिनचा संच वापरला तर प्रॉक्सिमल नलिका दाणेदार तपकिरी होतात. दिसतं कसं? अगदी मायटोकॉन्ड्रियातल्या एन्झाइमसारखं! दाणेदार आहे, नलिकेत आहे, अपेक्षेबरहुकूम आहे, आणि साफ खोटं आहे. बायोटिन न वापरणारी पॉलिमर पद्धत वापरली की हा प्रश्नच मिटतो. स्ट्रेप्टाविडिनच हाताशी असेल तर आधी ॲव्हिडिन, मग बायोटिन असं ब्लॉकिंग करा आणि प्रायमरीविना एक स्लाइड ठेवा.

खरा रंग पेशीद्रवात, दाणेदार, प्रॉक्सिमल नलिकेच्या तळाकडे जास्त, कारण मायटोकॉन्ड्रिया तिथेच उभ्या रांगेत असतात. केंद्रक रंगलं किंवा आतली ब्रश बॉर्डर रंगली तर थांबायचं. कंट्रोल म्हणून घेतलेली साधी आयजीजी प्रायमरीच्या त्याच मायक्रोग्रॅममध्ये लावा, त्याच डायल्यूशनमध्ये नव्हे. दोन्ही व्हायलच्या तीव्रता सहसा वेगळ्या असतात.

पेशींवर फ्लुओरोसन्स करायचं तर मायटोट्रॅकर (मायटोकॉन्ड्रिया रंगवणारा रंग) फिक्स करण्याआधी, जिवंत पेशींना १०० नॅनोमोलरवर २० ते ३० मिनिटं द्या, मग ४ टक्के पीएफए १५ मिनिटं आणि ०.२ टक्के ट्रायटन १० मिनिटं. सौम्य डिजिटोनिनने पेशीचं बाहेरचं पटल उघडतं, मायटोकॉन्ड्रियाच्या आतलं नाही, आणि अँटिबॉडीला आत शिरता येत नाही. मॅक्रोफेजवर एफसी रिसेप्टर असतात. ते कोणत्याही अँटिबॉडीला शेपटाकडून धरतात, आणि इंटरफेरॉन-गॅमा दिल्यावर ते आणखी वाढतात. २७बी१ही त्यानेच वाढतं. एफसी ब्लॉक न लावता 'इंटरफेरॉननंतर रंग वाढला' असं दिसलं तर त्यातून काही सिद्ध होत नाही.

शेवटी अँटिबॉडीच्या बाहेरून येणारी साक्ष हवी. क्यूपीसीआर हा सोपा भाग. त्याहून बळकट म्हणजे क्रिया मोजणं: पेशींना २५-हायड्रॉक्सी-ड३ देऊन तयार झालेलं १,२५ (म्हणजे कॅल्सिट्रायॉल) एलसी-एमएस या वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर पाहणं. हे सीरमविरहित माध्यमात करावं, नाहीतर सीरममधलं डीबीपी कच्चा माल धरून ठेवतं. साठा इथेनॉलमध्ये, तपकिरी काचेत, अंधारात. पातळ द्रावण प्लास्टिकला चिकटतं. इम्युनोअसेच्या किटवर इथे भिस्त ठेवू नये, कारण ओतलेलं २५-हायड्रॉक्सी हजारो पटींनी जास्त असतं आणि थोडीशी क्रॉस-रिॲक्शनही आकडा फुगवते. उत्पादन कमी दिसलं तर २४ए१ ते मोडतंय का हेही पाहा. अनेक प्रयोगशाळांत ही सोय नसते हे खरं. मग निदान इम्युनोजेन वेगळा असलेली दुसरी अँटिबॉडी घ्यावी आणि दोघींचं चित्र जुळतं का पाहावं.

साठवणीचं थोडक्यात. व्हायल आली की आधी अर्धा मिनिट फिरवा, झाकणात दोन-तीन मायक्रोलिटर अडकलेले असतात. १० मायक्रोलिटरहून लहान वाटे करू नका, बाष्पीभवन आणि भिंतीला चिकटण्यातच जास्त जातं. ५० टक्के ग्लिसरॉल असेल तर उणे २० अंशांवरही ते द्रवच राहतं, वाटे करायची गरज नाही, पण पिपेट सावकाश ओढा आणि टोकाबाहेर चिकटलेलं पुसा. ग्लिसरॉल नसेल तर फ्रॉस्ट-फ्री फ्रीजर टाळा. तो बर्फ साचू नये म्हणून अधूनमधून स्वतःच तापतो आणि अँटिबॉडी कोणी हात न लावता गोठत-वितळत राहते. वापरलेलं द्रावण पुन्हा वापरायला सोडियम अझाइड ०.०२ टक्के घालतात. ते प्रायमरीत चालतं, नीट धुतल्यावर. एचआरपी लावलेल्या सेकंडरीत घातलं तर एन्झाइमच मरतं आणि ब्लॉट कोरा येतो.

पॉलिक्लोनलचा प्रत्येक लॉट म्हणजे नवी अँटिबॉडी समजा. जुन्या लॉटचे दोन वाटे राखून ठेवा, नवा लॉट आला की त्याच तीन लेनच्या किडनीवर दोन्ही शेजारी चालवा, आणि लॉट क्रमांक वहीत तर लिहाच, लेखाच्या पद्धती-विभागातही आरआरआयडीच्या (अँटिबॉडीच्या ओळखक्रमांकाच्या) बाजूला लिहा. तीन लेनचा तो लायसेट एकदाच जास्त करून, २० मायक्रोलिटरच्या वाट्यांत, उणे ८० अंशांवर ठेवावा.